तुझा एकही दाम बाकी नाही

नलूताई, त्या संध्याकाळी मान मी हलवली होती.

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला, सुमेधाला नाही; लेकीला, सईला नाही. तू माझ्या घरी, माझ्यासमोर ताट घेऊन बसली होतीस आणि सरळ विचारलं होतंस, तेव्हा तुलाही नाही. तेव्हा मी वरणात लिंबू पिळत राहिलो.

तुझं तेरावं होऊन आठवडा झाला. लोक येतात, तुझ्याबद्दल चांगलं बोलतात, मी चहाचे कप पुढे करतो आणि ऐकतो. ऐकणं मला नेहमीच सोपं गेलं. बोलायचं काम आपल्या घरात तुझ्याकडे होतं, माझ्या वाट्याचंही तूच बोलायचीस. बँकेतले लोक मला शांत माणूस म्हणतात, त्यात कौतुक असतं. शांत माणूस काय करू शकतो ते मला माहीत आहे.

पण ती मान आधी सांगितली तर तुझं मैदान मागे पडेल, आणि तुझं मैदान मागे पडावं असं मला वाटत नाही. म्हणून तिथून सुरू करतो. खरं तर त्याच्याही आधीपासून, सराफ्याच्या गल्लीपासून.

आठवतं ना, सोनारांची दुकानं बंद व्हायच्या आधी आपण तिथे पकडापकडी खेळायचो? ज्याच्यावर राज्य येई त्यानं डोळे मिटून आकडे म्हणायचे आणि मग सगळ्यांना पकडायचं. महाराष्ट्रातून येणारे पाहुणे त्याला राज्य घेणं म्हणायचे, आपल्या इथं, हिंदी मुलखात, त्याला दाम देणं म्हणतात. आणि दामाचा कायदा कडक होता. राज्य आल्यावर कोणी आईनं हाक मारली म्हणून घरी पळाला, तर त्याचा दाम मिटत नसे. दुसऱ्या दिवशी खेळ त्याच्यापासूनच सुरू व्हायचा. तोवर गल्लीत कोणी त्याच्याशी धड बोलायचं नाही. तो भगोडा.

मी कच्चं लिंबू. माझ्यावर राज्य आलं की माझे ओठ थरथरायचे आणि तू पुढे व्हायचीस. "इसका दाम मैं दूँगी." सोनारांची पोरं चिडायची, पण तू द्यायचीस. तुझा संपवून पुन्हा माझा. मी दुकानाच्या पायरीवर बसून पाहायचो. सगळ्या लहानपणात मी एकदाही दाम दिला नाही, ताई. आज मोजायला बसलो तर एक सापडत नाही.

तू पोलिसात गेलीस तेव्हा बाबा महिनाभर तुझ्याशी बोलले नाहीत. मास्तरांच्या घरातली मुलगी, चार पिढ्या इथं कचेऱ्या नि शाळा सांभाळल्या, आणि ही खाकी घालून चौकात उभी राहणार. मीही मनातून त्यांच्याच बाजूचा होतो. तुझी बदली आमच्या घमापुरच्या चौकीवर झाली तेव्हा मला आनंद झाला, आणि थोडी लाजही वाटली. माझ्या घराच्या पायरीवरून चौकी दिसते. आता गल्लीतले लोक रोज पाहतील, की साहेबांची बहीण हवालदारांबरोबर टपरीवर चहा पिऊन राहिली.

चौकीसमोर पाण्याची टाकी, आणि टाकीच्या पलीकडे ते मैदान. मैदान म्हणजे काय, बिनगवताचा चौकोन आणि एक कडुनिंब. पोरं तिथे खेळायची आणि खाकी दिसली की उधळायची, चिमण्यांवर कोणी टाळी वाजवावी तशी. कारण होतं. तुझ्या आधीच्या लोकांनी कोणाच्या तक्रारीवरून त्यांच्या बॅटी उचलून नेल्या होत्या, दोन पोरांना चौकीत नेऊन कान धरून उभं केलं होतं. त्यानंतर चौकीचा बाहेरचा दिवा दर आठवड्याला फुटायचा. कोण फोडतं ते सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं आणि कोणालाच माहीत नव्हतं.

तू आलीस, चौकीची मागची खोली उघडलीस आणि बॅटी, यष्ट्या, टेनिसचे मुके झालेले चेंडू, सगळं पोत्यात भरून कडुनिंबाखाली नेऊन ओतलंस. एकही पोरगं आलं नाही. टाकीच्या भिंतीमागून डोकी तेवढी दिसत होती.

मग तू जे केलंस ते मी पायरीवरून पाहिलं, आणि मला घरात जावंसं वाटलं. तू फरशीचे तुकडे गोळा केलेस, एकावर एक रचलेस आणि एकटीच लगोरी खेळायला लागलीस. चेंडू मारायचा, लगोरी पडली की आपणच जाऊन चेंडू आणायचा, आपणच रचायची. तुझे हवालदार तिवारीजी तुझी टोपी हातात घेऊन उभे. बिचाऱ्यांना कुठे पाहावं कळेना.

"मैडम, लोग देख रहे हैं."

"देखने दो तिवारीजी. टिकट थोड़ी लगाया है."

"मैडम, थाने के बड़े साहब, टी. आई. साहब, निकले इधर से तो?"

"तो उनको भी एक बारी दे देंगे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तू मुद्दाम का खरंच, ते मला आजही ठरवता येत नाही, मोठा तुकडा वर आणि लहान खाली ठेवत होतीस, आणि मनोरा दर वेळी कोसळत होता. भिंतीमागून एक मुलगी आली. दोन वेण्या, एका पायात चप्पल. ती मुस्कान. तुझ्याकडे न बघता तुझ्या हातातला तुकडा घेतला आणि म्हणाली, "ऐसे नहीं जमता. आपको किसी ने सिखाया नहीं?"

"नहीं रे. पुलिस में ये नहीं सिखाते."

"क्या सिखाते हैं?"

"सैल्यूट मारना."

"बस?"

"बस."

मुस्काननं तुझ्याकडे असं पाहिलं की तिला तुझी कीव आली असावी. बाकीची डोकी भिंतीमागून बाहेर आली. आमची सई त्यांच्यातच होती, हे मला तेव्हा कळलं. मला वाटायचं ती शेजारी अभ्यासाला जाते.

पोरांनी तुला घेतलं, पण कायद्यानं. नवा गडी आधी दाम देतो. खेळ साखळीचा होता: दाम देणारा ज्याला पकडेल त्यानं त्याचा हात धरायचा, मग दोघांनी मिळून तिसऱ्याला, असं करत सगळे एका ओळीत येईपर्यंत. तू बेल्ट आवळलास.

"पकड़ के थाने ले जाओगी," एक पोरगा लांबूनच म्हणाला.

"पकड़ लूँगी तो सही. ले जाने का दम नहीं है मुझमें."

तू खरंच धावलीस, ताई. पन्नाशी पार केलेली, गुडघे दुखणारी, काळे बूट घालून. पोरं तुझ्या बगलेखालून निसटत होती आणि सगळं मैदान हसत होतं. तू जेमतेम दोघांना पकडलं असशील, तेवढ्यात तिवारीजींचा वायरलेस बोलायला लागला. सराफ्यात काही भांडण झालं होतं. तू टोपी घेतलीस आणि निघालीस.

मागून पोरं ओरडली, "दाम देके जाओ. मैडम भगोड़ी. मैडम भगोड़ी." पोलिसांच्या गाडीमागे पळत पळत ओरडली. मी पायरीवर बसून मनात म्हटलं, झालं हिचं. आता दिवा पुन्हा फुटणार.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या आधी तू मैदानात होतीस. कडुनिंबाच्या खोडाला कपाळ टेकवून, डोळे मिटून, मोठ्यानं आकडे म्हणत होतीस. मैदान रिकामं. पोरं दप्तरासकट आली तेव्हाही तू डोळे उघडले नाहीस. मुस्काननं विचारलं, "मैडम, ये क्या कर रही हो?"

"कल का दाम बाकी है. पहले वो."

दप्तरं खाली पडल्याचे आवाज तेवढे आले. मग ती पोरं पळाली, पण त्या दिवशी ती तुझ्यापासून पळत नव्हती, तुझ्यासाठी पळत होती. हा फरक मला पायरीवरून दिसला आणि मी तो स्वतःपाशीही कबूल केला नाही. चौकीचा दिवा त्यानंतर कधी फुटला नाही. एकदा बल्ब आपोआप गेला, तर पोरंच चौकीत सांगायला आली की हा आम्ही फोडलेला नाही.

गुरुवारी तू जेवायला यायचीस आणि आपलं भांडण ठरलेलं असायचं. मी म्हणायचो, "ताई, लोक हसतात. तुझी ड्यूटी काय आहे, लंगडी खेळणं? वर्दीची काही इज्जत असते."

"तुला कोण म्हणालं हसतात? तूच ना?"

"मी नाही म्हणत. पण काहून स्वतःचा तमाशा करून राहिली?"

एकदाच तू पोळी ताटात ठेवून नीट उत्तर दिलंस. "अवी, आई तुला कशी जेवू घालायची आठवते का? जेव, नाही तर पोलिसाला देईन. तू दोन घास पटापट गिळायचा. या मोहल्ल्यात आजही घरोघरी हेच चालू आहे. मी नोकरीभर भूत म्हणून राहिली बे. रस्त्यात लेकरू हरवलं तर ते मला पाहून अजून लांब पळते. ज्याला माझ्याकडे यायला पाहिजे तेच मला भिते. मग मी कोणासाठी उभी आहे चौकात?"

मी म्हटलं, "ते ठीक आहे, पण." भांडण अर्धंच राहिलं. आता पूर्ण करायला तू नाहीस, म्हणून मीच सांगतो: तू जिंकली होतीस. त्याच दिवशी.

चौकीच्या दारात तू माठ ठेवलास. मैदानावरचं कोणतंही पोर न विचारता आत येऊन पाणी पिऊ शकत होतं. तिवारीजी सुरुवातीला कुरकुरले, मग तेच माठ घासायला लागले. येता-जाता पोरांना चौकीची सवय झाली. टेबल कुठे, फोन कुठे, मैडम कुठे बसते. दाराशी पाय अडखळेनासे झाले. पुढे जे झालं ते या माठामुळे, असं मी मानतो.

आता मान.

त्या आठवड्यात सगळ्यांच्या फोनवर ते मेसेज फिरत होते. पोरं पळवणारी टोळी शहरात आली आहे, खेळणी विकायच्या नावाखाली फिरते. मीही वाचले, मीही पुढे पाठवले. बँकेच्या ग्रुपवर, सईच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर. खाली 'सावध राहा' असं लिहिलं. तू चौकीच्या दारावर मोठ्या अक्षरात लावलं होतंस की ही अफवा आहे, विश्वास ठेवू नका. ते मी रोज जाता-येता वाचत होतो.

संध्याकाळी मी घरी येत होतो. गल्लीच्या तोंडाशी एक माणूस उकिडवा बसलेला, खांद्याला काठी, काठीला रंगीत कागदाच्या फिरक्या, शेजारी झोळी. त्यानं एका रडणाऱ्या चिमुकल्याचा हात धरला होता. मी गुप्ताजींच्या दुकानासमोर थांबलो आणि म्हणालो, "ये कौन है? इसको पहले कभी देखा नहीं." बस, एवढंच. घरात मांजर शिरलं तर म्हणावं तेवढ्याच आवाजात.

गुप्ताजी दुकानातून बाहेर आले. आणखी दोघे आले. कोणीतरी त्याची झोळी ओढली. तो म्हणाला, मझौली गावचा आहे, कोदूलाल नाव आहे, पोरगं पडलं म्हणून उचललं. कोणी ऐकलं नाही. कोणी विचारलं, "किसने देखा?" गुप्ताजी माझ्याकडे वळले. "साहब ने देखा है. क्यों साहब, बच्चे का हाथ पकड़ के ले जा रहा था न?"

तो नेत नव्हता. तो बसला होता. मला दिसलं होतं की तो बसला होता.

सगळे माझ्याकडे पाहत होते. नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं, दोन वाक्यं बोलावी लागली असती, इतक्या लोकांसमोर. मी मान हलवली. हो म्हणून.

पहिली थप्पड गुप्ताजींनी मारली. मग मोजता येईना. मी मागे सरकत सरकत माझ्या पायरीवर आलो. पन्नासेक पावलांवर तो माणूस खाली पडला होता आणि फिरक्या लोकांच्या पायांखाली होत्या. माझ्या खिशात फोन होता. चौकी समोर दिसत होती. मी फोन केला नाही, चौकीकडेही गेलो नाही.

चौकीकडे पोरं धावली. मैदानावरून त्यांना दिसलं होतं, आणि त्यांनी कोणाला विचारलं नाही, कोणत्या मोठ्या माणसाकडे गेली नाहीत. सरळ चौकीत. सईनं नंतर सांगितलं की तिघी-चौघी एकदम आत शिरल्या आणि माठ उलटा झाला. तू डबा उघडत होतीस. मुस्कान म्हणाली, "मैडम, एक आदमी को मार रहे हैं, जल्दी चलो, दाम-वाम बाद में."

तू तिवारीजींना घेऊन आलीस. दोघंच. ठाण्याहून कुमक यायला वेळ लागणार होता. पोरांना तू चौकीतच बसायला सांगितलं होतंस, हे मला नंतर कळलं. तू गर्दीत घुसलीस, कोपरानं वाट काढत, आणि कोदूलालच्या अंगावर जवळजवळ वाकून उभी राहिलीस. कोणीतरी तुझी बाही ओढली. कोणी म्हणालं, "मैडम हट जाओ, ये पब्लिक का मामला है." मी पायरीवरून तुझा चेहरा पाहिला, ताई. तू घाबरली होतीस. तुला घाबरलेलं मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात लोकांच्या पायांमधून पोरं आली. खाली बसून, सरपटत, जशी तुझ्या बगलेखालून निसटायची तशी. मुस्काननं एका हातानं तुझा बेल्ट धरला, दुसऱ्या हातानं सईचा हात. सईनं पुढच्याचा. साखळी झाली. बघता बघता ती कोदूलालभोवती फिरली आणि गोल झाला, तोंडं बाहेरच्या बाजूला, गर्दीकडे. तू ओरडत होतीस, "घर जाओ, सब घर जाओ," आणि आयुष्यात पहिल्यांदा ती पोरं तुझं ऐकत नव्हती.

एका माणसाच्या हातात दांडा होता. त्याच्यासमोर त्याचाच मुलगा आला. मुलगा म्हणाला, "पापा, मम्मी बुला रही है." खोटं असणार. पण दांडा खाली आला.

गोल पूर्ण होत नव्हता. एका बाजूला एक हात कमी पडत होता. सईनं मान वळवली आणि मला पायरीवर पाहिलं.

"बाबा, इधर आओ न. एक हाथ कम पड़ रहा है."

मी गेलो नाही. पाय हलले नाहीत असं मी स्वतःला सांगत आलो आहे, पण ते खरं नाही. मी गोलात गेलो असतो तर गुप्ताजींनी विचारलं असतं, साहब, आप तो कह रहे थे. म्हणून गेलो नाही. ती जागा तिवारीजींनी भरली. टोपी पडलेली, एका हातात मुस्कानचा भाऊ, दुसऱ्या हातात कोणाची तरी शेंबडी पोर.

आणि मग आया उतरल्या. गच्च्यांवरून, जिन्यांवरून, पिठाच्या हातांनी. आपापल्या पोरांना ओढायला आल्या, पण पोरं हात सोडेनात, मग त्या तिथेच थांबल्या आणि आपल्या नवऱ्यांवर, दिरांवर ओरडायला लागल्या. ती मारणाऱ्यांची गर्दी होती, ती आयांची गर्दी झाली. तुझा आवाज परत आला. तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "जिसका बच्चा चोरी हुआ है, वो आगे आए."

कोणी आलं नाही.

"चलो, सब अपने-अपने बच्चे गिन लो. एक भी कम निकले तो रपट मैं खुद लिखूँगी."

मागून एका बाईनं त्या चिमुकल्याला कडेवर घेतलं आणि म्हणाली की हा तर नालीपाशी पडला होता, याच माणसानं उचलला, मी वरून पाहत होते. कोणीतरी हसलं. कोणीतरी खाली मान घालून निघून गेलं. ठाण्याची गाडी आली तेव्हा रस्त्यावर मारायला कोणी उरलं नव्हतं. कोदूलाल चौकीच्या बाकावर बसून पाणी पीत होता, आणि पोरं नालीतून त्याच्या फिरक्या वेचून आणत होती. मुस्कान त्या फुंकून पाहत होती. फिरते, फिरत नाही, फिरते.

ताई, या शहरात मोठमोठ्या वर्द्यांतले लोक झाले असतील. पण ज्या माणसाला मोहल्ल्यानं मारायला घेतलं होतं त्याला मोहल्ल्याच्याच पोरांकडून सोडवून घेणारी तू एकटी. लाठी नाही, बंदूक नाही. साखळी. त्या संध्याकाळी मला तुझा इतका अभिमान वाटला की माझ्या लाजेला उभं राहायला जागा मिळेना. दोन्ही एकाच छातीत होती.

पोरांना मधे येऊ दिलं म्हणून वरून तुला लेखी विचारणा झाली. तू घरी येऊन हसलीस. "लिहून दिलं त्यांना, की मी येऊ दिलं नाही. ते आले."

त्याच गुरुवारी तू मला विचारलंस. गुन्हा दाखल झाला होता, गुप्ताजी आणि आणखी काहीजण त्यात होते. "अवी, सगळे म्हणून राहिले का कोणी साहेबानं पाहिलं होतं. कोणता साहेब, ते कोणी सांगत नाही. तुला काही माहीत आहे का?"

"मी उशिरा आलो," मी म्हणालो. "तेव्हा सगळं झालं होतं."

सई ताटावरून उठली आणि हात धुवायला गेली. तू माझ्याकडे पाहिलंस, पोळीचा तुकडा मोडलास. "बरं. पोरांच्यात कसं असते माहीत आहे ना? दाम सोडून गेला त्याला कोणी बोलवायला जात नाही. तो आपणच येते, उद्या नाही तर परवा." आणि सुमेधाला म्हणालीस, ठेचा झकास झाला आहे.

तुला माहीत होतं का? मी खूप विचार केला आणि मला ठरवता आलेलं नाही. माहीत असेल तर तू वाट पाहत होतीस, आणि मी तुला वाट पाहायला लावून पाठवलं. माहीत नसेल तर तू शेवटपर्यंत माझ्याबद्दल चांगलं समजत होतीस. यातलं कोणतं जास्त वाईट, तेही मला कळत नाही.

गुप्ताजींनी माझं नाव घेतलं नाही. मी दही घ्यायला गेलो तेव्हा हळूच म्हणाले, "आप मैडम के भाई हैं, साहब. हमने कुछ नहीं बताया." कोर्टाच्या तारखा असतात तेव्हा दुकान बंद ठेवून जातात. परत आले की मला नमस्कार करतात. मी दही घेऊन घरी येतो.

कोदूलालही येतो, हे तुला माहीत आहेच. तूच त्याला सांगितलं होतंस की याच गल्लीत ये, इथंच ये. पहिल्यांदा आला तेव्हा पोरं त्याला गल्लीच्या तोंडापासून मैदानापर्यंत मधोमध घालून घेऊन आली, वरातीसारखी. आता दर आठवड्याला येतो. माझ्या पायरीसमोर थांबून म्हणतो, "जै राम जी की, साहब." त्याचा एक कान अजून नीट ऐकत नाही, म्हणून मोठ्यानं म्हणतो. त्याचा आवाज आला की मी आतल्या खोलीत जातो.

तुला नेलं त्या दिवशी आमच्या घरात माणसं मावत नव्हती. मी बाहेर पडून मैदानाकडे गेलो. वाटलं होतं, मैदान रिकामं असेल. पोरं तिथेच होती, कडुनिंबाखाली उभी. खेळत नव्हती, घरीही जात नव्हती. खेळावं की नाही यावर त्यांची चर्चा चालू होती. एक लहानगा म्हणाला, आज मैडमची बारी होती, आता काय करायचं. मुस्कान आता मोठी झाली आहे, वेण्या जाऊन एकच शेपटा आला आहे. तिनं डोळे पुसले आणि एखाद्या पंचासारखं सांगितलं, "मैडम का कोई दाम बाकी नहीं है. मैडम सब दे के गई हैं. चलो, खेल नया शुरू करो."

आणि त्यांनी सुरू केला. तुझी तिरडी घरातून निघत होती आणि मैदानावर पोरं हात धरून धावत होती, हसत होती, रडतही होती. तिवारीजींनी चौकीच्या दारातून सलाम केला. मला वाटलं, याहून मोठी मानवंदना कोणत्या अधिकाऱ्याला मिळाली असेल? मी दुःखात होतो, तरी त्या क्षणी माझी मान ताठ होती. तू जिंकून गेलीस, ताई. चोख, काही मागे न ठेवता.

खेळ सुरू करायच्या आधी मुस्काननं सगळ्यांकडे पाहून विचारलं होतं, "और किसी का पुराना दाम बाकी है?" मी कडुनिंबापासून चार हातांवर उभा होतो. सई तिच्या शेजारी होती. सईनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं पायानं माती सारखी केली आणि वाट पाहिली. मी काही बोललो नाही, आणि तुझ्याकडे परत आलो, खांदा द्यायला.

सराफ्याच्या गल्लीत तू माझे सगळे दाम दिलेस. त्या संध्याकाळी माझ्या पायरीसमोर गर्दीत वाकून उभी राहिलीस, तोही माझाच होता, तो तू तुझा समजून दिलास. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत, आज मानतो. पण जो उरला आहे तो तुला देता येणार नाही, तू असतीस तरी नसता देता आला.

चौकीत जाऊन मला जबाब द्यायचा आहे, की पाहिलं म्हणणारा साहेब मी होतो आणि मी खोटं सांगितलं. गुप्ताजींच्या पुढच्या तारखेला त्यांच्या शेजारी उभं राहायचं आहे. आणि कोदूलाल येईल त्या दिवशी आत न जाता, पोरांच्या आणि सईच्या देखत, त्याच्या चांगल्या कानाशी मोठ्यानं सांगायचं आहे की मान मी हलवली होती.

एवढा माझा दाम बाकी आहे.